तीस हजार तंतू आणि बावीस तारा

कॅमडन हे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं एक छोटं गाव. तिथल्या औषधांच्या दुकानाच्या मालकांना ऐकू कमी यायचं. गिऱ्हाइकाला जे हवं ते आवाज चढवून सांगावं लागे, आणि अशा दुकानात मागायच्या सगळ्याच वस्तू चारचौघांत ओरडून मागण्यासारख्या नसतात. दुकानात वावरणाऱ्या त्यांच्या मुलाला या प्रसंगांचा फार संकोच वाटे. मोठेपणी काय करणार असं कुणी विचारलं, की तो सांगायचा, कान दुरुस्त करणार.

मुलाचं नाव ग्रेअम क्लार्क, जन्म १९३५ चा. पुढे ते कान-नाक-घसा तज्ज्ञ झाले, संशोधक झाले, आणि ज्यांच्या कामामुळे पूर्ण बहिऱ्या माणसाला पुन्हा बोलणं समजू लागलं त्या मोजक्या लोकांतले एक ठरले. त्या उपकरणाला आज आपण कॉक्लियर इम्प्लांट म्हणतो. डिसेंबर २०१९ पर्यंत जगभरात अशी सुमारे ७,३६,९०० उपकरणं बसवली गेली होती.

कानात बसवलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हटलं, की डोळ्यांपुढे चिप, बॅटरी आणि तारा येतात. क्लार्क यांच्या कामाचा अवघड भाग मात्र निराळाच होता, असं मला त्यांची कारकीर्द वाचताना पुन्हा पुन्हा जाणवलं. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत जवळजवळ ३०,००० तंतू असतात आणि यंत्राच्या तारा जेमतेम दहा-वीस. एवढ्या अरुंद वाटेने आवाजातलं फार थोडं आत जाणार. मग बाहेर काय ठेवायचं? क्लार्क यांची निम्मी कारकीर्द या एका प्रश्नात गेली.

आधी निरोगी कान

आवाज कानात शिरतो आणि पडदा थरथरतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवली हाडं एकमेकांना टेकून असतात. त्यांच्यामार्फत ती थरथर आतल्या कानात पोचते. तिथे कॉक्लिया आहे. आकाराने वाटाण्याएवढा आणि दिसायला गोगलगायीच्या शंखासारखा. त्याला साधारण अडीच वेढे असतात, आणि उलगडून सरळ केला तर लांबी साडेतीन सेंटिमीटर भरते. आत खारट द्रव भरलेला असतो आणि मधून एक लांब पडदी गेलेली असते.

सगळी किमया या पडदीची आहे. शंखाच्या तोंडाशी ती अरुंद आणि ताठ असते, तर आतल्या टोकाकडे रुंद आणि सैल होत जाते. त्यामुळे उंच, पातळ सुरांनी ती तोंडाशी जास्त हलते आणि खर्जातल्या सुरांनी अगदी आतल्या टोकाशी. म्हणजे पियानोच्या पट्ट्या एका ओळीत मांडाव्यात, तसे सूर या पडदीवर मांडलेले असतात. कोणती जागा हलली यावरून मेंदूला सूर कळतो. पडदीवरून ही लाट कशी धावते ते गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं, आणि त्याबद्दल त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

पडदीवर ओळीने पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या माथ्यावर बारीक केसांसारखे तुरे असतात, म्हणून त्यांना केशपेशी म्हणतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे १२,००० पेशी हलका आवाज मोठा करून देतात. आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी पडदीची हालचाल विजेच्या संदेशात बदलून नसेकडे देतात. एका कानात एवढाच साठा असतो. कर्कश आवाज, मेंदूज्वर, काही औषधं, आनुवंशिक दोष किंवा वाढतं वय यांपैकी कशानेही या पेशी मेल्या, तर माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. केशपेशी थोड्याफार शिल्लक असतील तोवर त्याचा उपयोग होतो. त्या जवळजवळ संपल्या, की आवाज कितीही मोठा करा, पडदी हलते, पण तिची हालचाल नसेला कळवायला कुणी उरलेलं नसतं. मात्र अशा बहुतेक कानांत नस बऱ्याच अंशी जिवंत असते. तेव्हा मधल्या मेलेल्या पेशी ओलांडून नसेलाच विजेने थेट हाक मारता येईल का, ही या उपकरणामागची कल्पना.

क्लार्क यांच्या आधी

कल्पना जुनीच आहे. १८०० च्या सुमारास आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या नव्या बॅटरीला जोडलेल्या धातूच्या दोन कांड्या स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या. डोक्यात जबर झटका बसला आणि काहीतरी दाट द्रव खदखदत उकळावा तसा आवाज आला. प्रयोग त्यांना पुन्हा करावासा वाटला नाही.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणनसेजवळ विजेचं वेटोळं बसवलं. त्याला रातकिड्यांसारखे आवाज ऐकू आले आणि सरावाने तो मोजके ओळखीचे शब्द वेगळे करू लागला. पण यंत्र बिघडलं आणि ते काम पुढे गेलं नाही. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी कॉक्लियात तार घातली. पुढे त्यांनी एकाच वाहिनीचं, म्हणजे एकाच जागी वीज देणारं उपकरण रुग्णांपर्यंत नेलं. दाराची घंटा, मोटारीचा भोंगा, कुणीतरी बोलतंय एवढं त्यातून कळे आणि ओठ वाचायला मदत होई. निव्वळ ऐकून बोलणं समजणं मात्र त्यातून क्वचितच साधे.

मेलबर्नमध्ये क्लार्क यांचा कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून चांगला जम बसला होता. १९६६ मध्ये त्यांच्या वाचनात स्टॅनफर्डच्या ब्लेअर सिमन्स यांचा निबंध आला. बहिऱ्या माणसाच्या श्रवणनसेला वीज दिल्यावर त्याला काय ऐकू येतं, याचं वर्णन त्यात होतं. पुढच्याच वर्षी क्लार्क चालती प्रॅक्टिस सोडून सिडनी विद्यापीठात पीएचडी करायला गेले. तिशी ओलांडलेल्या, कुटुंब असलेल्या शल्यविशारदाने पुन्हा विद्यार्थी होऊन मांजरांच्या मेंदूत विजेचे संदेश मोजत बसायचं, हे धाडस मला त्यांच्या पुढच्या कुठल्याही शस्त्रक्रियेहून लहान वाटत नाही.

मांजरांनी दिलेलं उत्तर

सूर मेंदूला कसा कळतो याबद्दल दोन विचार होते. एक म्हणजे वर पाहिलेला जागेचा नियम. दुसरा वेगाचा: सेकंदाला ३०० कंपनांचा सूर असेल तर नस सेकंदाला ३०० ठोके देते आणि मेंदू ते ठोके मोजतो. खऱ्या कानात दोन्ही गोष्टी घडतात.

नुसता वेगाचा नियम पुरेसा असता तर काम फार सोपं झालं असतं. एकच तार घालायची, आवाजाच्या लयीत वीज द्यायची आणि बाकीचं मेंदूवर सोपवायचं. क्लार्क यांनी मांजरांच्या श्रवणमार्गात नेमकं हेच तपासलं. विजेचे ठोके सेकंदाला काही शेच्या पुढे गेले, की तिथल्या पेशींना त्यांचा पाठलाग जमेनासा होई. बोलण्यातले महत्त्वाचे सूर तर अडीच-तीन हजार हर्ट्झपर्यंत जातात. याचा अर्थ, एका तारेने बोलणं समजावता येणार नाही. जागेचा नियमही वापरावा लागेल. कॉक्लियात वेगवेगळ्या जागी अनेक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारी धातूची टोकं, बसवून ज्या सुराची जी जागा असेल तिथेच वीज द्यावी लागेल.

१९६९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. १९७० मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात कान-नाक-घसा विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. पद मिळालं, पण पैसा नव्हता. अनेक जाणकारांना हा उद्योग वाया जाणारा वाटत होता. त्यांचे आक्षेप पोकळही नव्हते. हजारो केशपेशींचं नाजूक काम चार तारांनी कसं होणार? तार घालताना उरलीसुरली नसही जखमी झाली तर? मधल्या कानातला जंतुसंसर्ग तारेच्या वाटेने आत आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर? शेवटी मेलबर्नच्या एका टीव्ही वाहिनीने लोकांकडून देणगी गोळा करणारे कार्यक्रम केले. त्या पैशावर काम तग धरून राहिलं.

शंख आणि गवताची काडी

सूर जागेवरून ओळखायचे तर इलेक्ट्रोडची माळ शंखाच्या वेढ्यांतून पुरेशी आत जायला हवी. आणि तीच जात नव्हती. तार मऊ असली तर सुरुवातीलाच दुमडे. ताठ असली तर पहिल्या वळणावर भिंतीला जाऊन अडके, आणि जोर लावावा तर आतली पडदी फाटे.

१९७७ मध्ये क्लार्क सुट्टीसाठी सिडनीच्या दक्षिणेला मिनामरा इथल्या समुद्रकिनाऱ्यावर गेले होते. वाळूत एक शंख सापडला, त्याचे वेढे कॉक्लियासारखेच होते. आजूबाजूच्या गवताच्या काड्या तोडून ते एकेक काडी शंखात सारून पाहू लागले. काही काड्या अडकल्या. ज्या काडीचं टोक लवचीक होतं आणि जी बुडख्याकडे हळूहळू ताठ होत गेली होती, ती मात्र वळणं घेत अलगद आत सरकली. टोक भिंतीला लागलं की वाकतं, आणि मागचा ताठ भाग त्याला पुढे ढकलत राहतो.

मेलबर्नला परतल्यावर माळ याच गुणाची करण्यात आली. मऊ सिलिकोनची बारीक नळी, तिच्यावर ओळीने प्लॅटिनमची कडी, आणि प्रत्येक कड्याची एकेक तार आतून मागे आणलेली. मागच्या भागात तारा जास्त असल्यामुळे तो आपोआप ताठ राहतो आणि टोकाकडे तारा कमी होत गेल्यामुळे ते मऊ राहतं. कडी पूर्ण गोल असल्याने माळ आत जाताना थोडी फिरली तरी बिघडत नाही, धातूचा काही भाग नसेच्या बाजूला येतोच.

आणखी दोन निर्णय कमी सांगितले जातात. पहिला असा, की त्वचेतून बाहेर येणारी पिन किंवा प्लग ठेवायचा नाही. उघडी जखम म्हणजे जंतूंना कायमचं दार. म्हणून बाहेरच्या वेटोळ्यातून आतल्या वेटोळ्यापर्यंत वीज आणि संदेश दोन्ही अखंड त्वचेतून रेडिओलहरींनी पाठवायचं ठरलं. दुसरा निर्णय विजेच्या स्पंदाबद्दलचा. खारट द्रवात धातूतून एकाच दिशेने वीज जात राहिली, तर रासायनिक क्रिया होऊन धातू झिजतो आणि भोवतालच्या पेशी मरतात. म्हणून प्रत्येक स्पंदाचे दोन भाग असतात, आधी एका दिशेने आणि लगेच तितकाच उलट दिशेने. नसेला हाक पोचते आणि मागे विजेचा शिल्लक भार राहत नाही. आयुष्यभर शरीरात राहायच्या यंत्रासाठी ही बारीक गोष्ट जीव की प्राण आहे.

१ ऑगस्ट १९७८

त्या दिवशी मेलबर्नच्या रॉयल व्हिक्टोरियन आय अँड इअर हॉस्पिटलमध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. क्लार्क यांच्या जोडीला शल्यविशारद ब्रायन पायमन होते. रुग्ण प्रौढ होता आणि अपघातात डोक्याला मार लागून त्याचे दोन्ही कान गेले होते.

जखम भरल्यावर काही आठवड्यांनी यंत्र सुरू केलं, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न झाला, तरीही नाही. त्या दिवसांत त्या खोलीत काय वातावरण असेल याची कल्पना करवत नाही. दोष चाचणीच्या उपकरणात निघाला. तो दुरुस्त झाला आणि रुग्णाला आवाज येऊ लागले. मग संशोधकांनी त्याच्या इलेक्ट्रोडमधून त्या वेळच्या राष्ट्रगीताची चाल वाजवली. हा माणूस ताडकन खुर्चीतून उठून सावधानमध्ये उभा राहिला.

लय आणि सुरांचा चढ-उतार पोचत होता, पण बोलणं समजत नव्हतं. गटाने सुरुवातीला खऱ्या कॉक्लियाची नक्कल करून पाहिली होती: आवाज गाळण्यांतून वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागायचा आणि सगळ्या पट्ट्या एकाच वेळी आपापल्या इलेक्ट्रोडला द्यायच्या. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं. प्रत्यक्षात कॉक्लियातला द्रव खारट, म्हणजे विजेचा चांगला वाहक. शेजारी-शेजारी एकाच वेळी सोडलेल्या विजा एकमेकींत मिसळतात, आणि रुग्णाला ऐकू येतो नुसता गोंगाट. जास्तीत जास्त माहिती पाठवायला गेलं तर हाती काहीच लागत नव्हतं.

वाट रुग्णानेच दाखवली. एका वेळी एकच इलेक्ट्रोड सुरू करून काय ऐकू येतं ते त्याला विचारलं जात होतं. तेव्हा तो नुसतं 'उंच' किंवा 'खालचा' असं सांगण्याऐवजी स्वर सांगू लागला, या जागी अमुक स्वरासारखं वाटतं, त्या जागी तमुक स्वरासारखं. ही १९७८ च्या डिसेंबरमधली गोष्ट.

याचं मोल कळण्यासाठी एक प्रयोग करून पाहा. गळ्यातला सूर एकच ठेवून लांब 'ई' म्हणा आणि श्वास न तोडता 'ऊ' वर या. गळ्यातला सूर बदलला नाही, तरी ध्वनी पार बदलला. तोंडात जीभ पुढून मागे गेली, ओठ गोल झाले, पोकळीचा आकार बदलला. प्रत्येक पोकळी काही ठरावीक उंचीच्या ध्वनींना उचलून धरते. उचलल्या गेलेल्या या पट्ट्यांना ध्वनिशास्त्रात फॉर्मंट म्हणतात. पहिला फॉर्मंट मुख्यतः जबडा किती उघडा आहे ते सांगतो, तर दुसरा मुख्यतः जीभ पुढे आहे की मागे. 'ई' म्हणताना दुसरा फॉर्मंट २,००० हर्ट्झच्या वर असतो आणि 'ऊ' म्हणताना १,००० च्या खाली येतो.

रुग्ण जे स्वर सांगत होता, ते त्या-त्या इलेक्ट्रोडच्या जागी पडणाऱ्या फॉर्मंटशी जुळत होते. मग गटाने धाडसी काटछाट केली. आवाजातून फक्त दोन गोष्टी घ्यायच्या, गळ्याचा मूळ सूर आणि दुसरा फॉर्मंट. दुसरा फॉर्मंट जिथे पडतो तो एकच इलेक्ट्रोड निवडायचा आणि त्यावर गळ्याच्या सुराच्या वेगाने ठोके द्यायचे. जोडीला आवाज किती मोठा आहे एवढंच. बाकी सगळं टाकून द्यायचं.

दुसऱ्या फॉर्मंटचीच निवड का झाली, हे मला या कामातलं सगळ्यात समजूतदार पाऊल वाटतं. बहिरा माणूस ओठ वाचतच असतो. जबडा किती उघडला ते त्याला दिसतं. तोंडात जीभ कुठे आहे हे दिसत नाही, आणि गळा थरथरतोय की नाही हेही दिसत नाही. 'प' आणि 'ब' ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, फरक गळ्याच्या थरथरीचा असतो. म्हणजे डोळ्यांना जे मिळत नाही, नेमकं तेच त्या एका वाटेने पाठवलं जात होतं.

त्यानंतर कसोटीची वेळ आली. ओठ झाकलेले, शब्द आधी न सांगितलेले, पर्याय दिलेले नाहीत, फक्त ऐकून सांगायचं. रुग्णाने काही शब्द बरोबर सांगितले. क्लार्क शेजारच्या खोलीत गेले आणि आनंदाने रडले. हे त्यांनी स्वतः नंतर अनेकदा सांगितलं आहे.

हा एकाच माणसाचा योगायोग नव्हे ना, हे बघायला १९७९ मध्ये दुसऱ्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. तो बरीच वर्षं बहिरा होता, आणि तरीही त्याला बोलण्याचे ध्वनी आठवत होते. मेंदूने जुनी ओळख जपून ठेवली होती. यंत्राला तिच्यापर्यंत पोचेल एवढाच इशारा करायचा होता.

प्रयोगशाळेबाहेर

एका रुग्णाच्या डोक्यात चालणारं यंत्र आणि हजारोंच्या डोक्यात दशकानुदशकं चालणारं यंत्र यांत मोठं अंतर असतं. इथे पेसमेकरचा अनुभव कामी आला. सिडनीचा न्यूक्लियस उद्योगसमूह हृदयाचे पेसमेकर बनवत होता. शरीरातला ओलावा आत शिरू न देणारी टायटॅनियमची डबी आणि त्या डबीतून तारा बाहेर काढायच्या सिरॅमिकच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. ऑस्ट्रेलियन सरकारनेही पैसा दिला. १९८२ मध्ये २२ इलेक्ट्रोडचं नवं उपकरण रुग्णांमध्ये बसवायला सुरुवात झाली आणि या कामातून कॉक्लियर ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८५ मध्ये ते बोलायला शिकल्यानंतर बहिऱ्या झालेल्या प्रौढांसाठी मान्य केलं, तर १९९० मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी.

मुलांचा प्रश्न वेगळा होता. प्रौढ रुग्णाला बोलण्याची आठवण असते. जन्मतः बहिऱ्या बाळाच्या मेंदूत ती नसते, आणि ऐकण्याचा भाग घडण्याची सगळ्यात चांगली वेळ पहिली काही वर्षंच असते. उशीर झाला तर तो भाग ऐकण्याचं काम नीट शिकत नाही. क्लार्क यांच्या गटाने मुलांवरचं काम १९८५ मध्ये सुरू केलं, पण त्याआधी आणि नंतरही वर्षानुवर्षं सुरक्षिततेचा अभ्यास केला. लहान मुलांचे कान वरचेवर वाहतात, तो संसर्ग तारेबरोबर आत जाईल का, हा खरा धोका होता. एक गोष्ट मात्र निसर्गानेच सोपी करून ठेवली आहे. कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो. डोकं वाढतं, म्हणून तारेला थोडी ढील ठेवावी लागते, पण आतली माळ मूल मोठं झालं म्हणून बदलावी लागत नाही.

याच काळात बहिऱ्यांच्या समाजातून तीव्र विरोधही झाला. सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली, पूर्ण भाषा आहे. ती बोलणारा एक समाज आहे, त्याला स्वतःचा इतिहास आहे. बहिरेपणाकडे फक्त दुरुस्त करायचा दोष म्हणून पाहणं त्या समाजाला अपमानकारक वाटलं, आणि बाळाच्या वतीने हा निर्णय दुसऱ्यांनी घ्यावा का, हा प्रश्नही त्यांनी विचारला. मला हा विरोध गैरसमजातून आलेला वाटत नाही. इम्प्लांट असलेल्या मुलालाही यंत्र काढून ठेवलं की ऐकू येत नाही. त्याला हाताची भाषाही मिळाली तर त्याचं काही कमी होत नाही.

हे काम एकट्या मेलबर्नचं नव्हतं. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या विद्युत अभियंता जोडप्याने बनवलेलं अनेक वाहिन्यांचं उपकरण डिसेंबर १९७७ मध्येच एका रुग्णात बसवलं गेलं होतं. पुढे त्यांनी मेड-एल ही कंपनी उभारली. विजा एकमेकींत मिसळण्याच्या जुन्या अडचणीवर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या ब्लेक विल्सन यांनी सुरेख तोडगा काढला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या पट्ट्या पाठवायच्या, पण कधीही दोन इलेक्ट्रोड एकाच क्षणी सुरू करायचे नाहीत. एकामागून एक, अतिशय वेगाने. आवाजाची बारीक कंपनं सोडून द्यायची, प्रत्येक पट्टीतला जोर कसा चढतो-उतरतो तेवढंच ठेवायचं. फॉर्मंट शोधत बसण्याची गरजच उरली नाही. काय टाकायचं या प्रश्नाचं हे निराळं उत्तर होतं, आणि मेलबर्नच्या उत्तराहून अधिक लोकांना उपयोगी पडलं. आजची बहुतेक यंत्रं याच विचाराच्या वाटेवरची आहेत. वैद्यकीय संशोधनासाठीचा २०१३ चा लास्कर पुरस्कार क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना मिळून दिला गेला.

यंत्र सुरू झाल्यावर

कानामागे मायक्रोफोन आणि छोटा संगणक असतो. तो आवाज पट्ट्यांत विभागतो. डोक्यावर चुंबकाने चिकटलेलं वेटोळं संदेश त्वचेआड पाठवतं, आणि आतलं यंत्र इलेक्ट्रोडना स्पंद देतं. कोणत्या इलेक्ट्रोडवर किती वीज दिल्यावर जेमतेम ऐकू येतं आणि कितीवर आवाज मोठा पण सोसवेल असा वाटतो, हे ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, प्रत्येक माणसासाठी वेगळं मोजतात. त्याला मॅपिंग म्हणतात आणि ते वरचेवर करावं लागतं.

पहिल्या दिवशी अनेकांना बोलणं यंत्रमानवासारखं, शिट्ट्यांसारखं किंवा चिवचिवाटासारखं ऐकू येतं. मग आठवड्यांत, महिन्यांत तेच ध्वनी माणसांचे आवाज वाटू लागतात. यंत्र तेच असतं, बदलतो तो मेंदू. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा सराव, विशेषतः लहान मुलांचा, शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा.

एवढ्या थोड्या माहितीवर बोलणं समजतं कसं? १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना मुद्दाम बिघडवलेलं बोलणं ऐकवलं. आवाजाच्या फक्त चार पट्ट्या ठेवल्या आणि प्रत्येक पट्टीत खऱ्या ध्वनीऐवजी नुसती खरखर भरली. खरखरीचा जोर तेवढा मूळ बोलण्याप्रमाणे चढ-उतार करणारा ठेवला. शांत खोलीत, थोड्या सरावाने, लोकांना वाक्यं जवळजवळ पूर्ण कळली. बोलणं हा फार चिवट प्रकार आहे. त्यातलं कितीतरी हरवलं, तरी अर्थ तगून राहतो.

संगीत असं चिवट नाही. गाण्याचा ताल इम्प्लांटमधून छान पोचतो, पण दोन जवळच्या सुरांतला फरक बऱ्याचदा पोचत नाही. गर्दीत, चार जण एकदम बोलत असतानाही असंच होतं. कारण जुनंच आहे. इलेक्ट्रोड बावीस असले तरी द्रवात वीज पसरते, आणि प्रत्यक्षात मेंदूला वेगळ्या कळणाऱ्या वाहिन्या आठच्या आसपासच भरतात. तारा वाढवून उपयोग नाही. तारेचं टोक आणि नसेचे तंतू यांच्यातलं अंतर कमी व्हायला हवं.

क्लार्क उतारवयात याच अंतरामागे लागले. वोलोंगाँग विद्यापीठातल्या पदार्थवैज्ञानिकांबरोबर ते वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकवर काम करू लागले. इलेक्ट्रोडवर अशा प्लॅस्टिकचा थर द्यायचा, त्यात नसेला वाढवणारी प्रथिनं साठवायची आणि विजेच्या स्पंदाबरोबर ती थोडी-थोडी सोडायची, म्हणजे नसेचे तंतू इलेक्ट्रोडच्या दिशेने वाढतील. वोलोंगाँगहून किनाऱ्याने थोडं दक्षिणेला गेलं की मिनामरा लागतं.